लाल रुमालाचे शनिवार

लाल रंग मला शोभत नाही हे मला सात-आठ वर्षांची असतानाच कळलं होतं. बाबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या मते शोभण्या-न शोभण्याचा प्रश्नच नव्हता. लाल हा कामगारांचा रंग, बाबा लीड्सच्या बसवर कंडक्टर, म्हणून तो आमच्या घराचा रंग, विषय संपला. आई हॉस्पिटलात नर्स होती, तीही राबतच होती आणि तिचा युनिफॉर्म निळा होता, हे मी एकदा जेवताना काढलं, तर आमटी गार होऊन भात कोरडा पडेपर्यंत मला उत्तर ऐकावं लागलं. बाबांना छोटं उत्तर येतच नसे. सोलापूरला ते म्हणे सभांमधून बोलायचे. आई नोकरीसाठी आधी इकडे इंग्लंडला आली, मागाहून ते मला काखोटीला मारून बोटीने आले, आणि लीड्सला त्यांना सभा मिळेना. मग आम्ही मिळालो.

कम्युनिस्ट पार्टीचा एक मुलांचा गट होता. आमच्या हेअरहिल्स भागातल्या दुकानांच्या ओळीवर एक लांबट हॉल होता, तिथे तो दर शनिवारी सकाळी भरायचा. बाबा आणि त्यांचे मित्र आर्थरकाका मिळून तो चालवत. आर्थरकाका रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करायचे. उंच, वाकलेले, हातांना कायम तेलाचा वास. हॉलमध्ये पॅराफिनचा हीटर भसभसत असायचा आणि त्याचा वास ऑरेंज स्क्वॉशमध्येही उतरायचा. आम्ही दहा-पंधरा पोरं गाणी म्हणायचो, बाहुल्या करायचो, शांततेची पोस्टरं रंगवायचो. हे सगळं मला चालत होतं. बाहुल्या तर आवडतच होत्या. चालत नव्हता तो रुमाल.

गळ्यात बांधायचा लाल, तिकोनी रुमाल, रशियात आणि तिकडच्या देशांत शाळेची पोरं बांधत तसा. त्याला स्कार्फ म्हटलेलं बाबांना खपायचं नाही. स्कार्फ म्हणजे बायकांची फॅशन. लीड्स मार्केटातून लाल कापड आणून आईने आख्ख्या गटाचे रुमाल शिवले होते, कारण बाबांनी हॉलमध्ये जाहीर करून टाकलं होतं की मिसेस कदम शिवतील. मिसेस कदमना हे नंतर कळलं. त्या कापडाचा रंग इतका जायचा की पहिल्याच धुण्यात बाबांचे सगळे बनियन गुलाबी झाले आणि आईच्या हॉस्पिटलच्या एप्रनवर अशी झाक आली की मेट्रनने तिला बाजूला घेऊन विचारलं, घरी कुणाला काही लागलंय का. त्या दिवशी आई घरी आली ती चपला न काढता सरळ बाबांसमोर उभी राहिली. “अहो,” ती म्हणाली, “तुमची क्रांती वेगळ्या बादलीत भिजवत जा.”

शनिवारी सकाळी बाबा मला आरशासमोर उभं करून स्वतः गाठ बांधायचे. गाठ चौकोनी आली पाहिजे, दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत, मागचा त्रिकोण बरोबर पाठीच्या मध्यावर. एकदा बांधून समाधान व्हायचं नाही, मग सोडायची, पुन्हा. मी म्हणायचे, “बाबा, ही रुमाल मला टोचतो.” आतून आई ओरडायची, “हा रुमाल!” माझ्या मराठीत लिंगांचा घोळ तेव्हाही होता, आजही आहे, हे लिहिलेलं आमच्या चुलत वहिनींनी तपासलं नसतं तर तुम्हाला इथपर्यंत येववलं नसतं. पण टोचतो आहे याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नसायचं. बाबा गाठीत, आई व्याकरणात.

त्याहून वाईट म्हणजे रस्ता. रुमाल दिसला पाहिजे म्हणून कोटाची वरची बटणं लावायची नाहीत, असा बाबांचा दंडक. जानेवारीतसुद्धा. यॉर्कशायरचा वारा सरळ छातीत शिरायचा आणि बाबा शेजारून ताठ मानेने चालायचे, त्यांच्याही गळ्यात रुमाल, तोही कंडक्टरच्या कोटावर. कोपऱ्यावरची पोरं ओरडायची, “तंबू कुठाय गं तुझा?” म्हाताऱ्या बायकांना मी गर्ल गाइड वाटायचे. एकीने कौतुकाने माझ्या हातात नाणं ठेवलं, तर बाबांनी ते परत केलं आणि फुटपाथवर उभं राहून तिला आमची संघटना आणि गाइड्स यांतला फरक समजावला. बिचारीच्या हातात बटाट्यांची पिशवी होती. ती एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली, “येस, लव्ह,” म्हणत राहिली, आणि मी जमिनीने पोटात घ्यावं म्हणून फुटपाथकडे बघत राहिले.

माझी वर्गमैत्रीण सूझन ब्राउनीजमध्ये, म्हणजे गाइड्सच्या धाकट्या गटात होती. तिला चहा करण्याचा बॅज होता, बटण शिवण्याचा बॅज होता. मला बॅज हवा होता, कसलाही. आमच्या गटात बॅज नव्हते. बॅज म्हणजे स्पर्धा, स्पर्धा म्हणजे भांडवलशाही. परवा माझ्या नातीला इथे लंडनला, हॅरोत ब्राउनीजचा कुठलासा बॅज मिळाला, तर मी इतकी हरखले की मुलगी म्हणाली, “आई, शांत हो गं, तो फक्त कंपोस्टचा आहे.” तिला काय कळणार!

घरात रविवारची शांतता अशी नव्हतीच. रविवारी बाबा खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायचे. ब्रॅडफर्डहून आणलेले दाणे, लाल तिखट, लसूण, आणि ठण्ठण् असा दणदणीत ताल. आमचं घर ओळीतलं, भिंतीला भिंत. थोड्या वेळाने पलीकडून मिसेस डॉब्सन झाडूच्या दांड्याने भिंतीवर ठोकायच्या. बाबा आणखी जोरात कुटायचे. मिसेस डॉब्सनच्या खिडकीत राणीचा फोटो होता आणि बाबा त्यांना प्रतिगामी म्हणत. कितीतरी वर्षं ही दोन माणसं भिंतीतून भांडत होती, आणि समोरासमोर आली की “मॉर्निंग” याच्यापलीकडे शब्द नाही.

मी बारा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात, १९६८ साली, याना आली. झेकोस्लोवाकियातून चार-पाच मुलं आणि त्यांची एक शिक्षिका आमच्या गटाची पाहुणी म्हणून आली होती. त्यातली प्रागची याना आमच्याकडे उतरली. पत्रात तिचं नाव वाचून बाबा आठवडाभर “जाना येणार, जाना येणार” करत होते, स्टेशनवर तिने स्वतःच सांगितलं, “याना.” तेरा वर्षांची, गोरीपान, सरळ वेणी, आणि गळ्यात लाल रुमाल. त्या रुमालाची गाठ बघून बाबांचे डोळे भरून आले. अतिशयोक्ती करत नाही. लीड्स स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “बघ. बघ ती गाठ!”

मग सुरू झालं. माझी पलंगावरची जागा यानाला, मला कॅम्पबेड. याना संध्याकाळी आपला रुमाल स्वतः धुवायची, इस्त्री करायची, घडी घालून उशाशी ठेवायची. तिच्या रुमालाचा रंगही जात नव्हता. “समाजवादी रंग आहे तो,” बाबा म्हणाले. आई म्हणाली, “चांगल्या गिरणीचं कापड आहे.” यानाने पहिल्या दिवशी शेंगदाण्याची चटणी तोंडात घातली, नाकातून-डोळ्यातून पाणी आलं, आणि तिने पुन्हा मागितली. यानाने आईला भांडी घासायला मदत केली. यानाने अंथरूण घातलं, माझंसुद्धा. माझ्यात जे जे नव्हतं ते सगळं बाबांना एकाच मुलीत घरपोच मिळालं होतं. मी तिचा द्वेष करायचा मनापासून प्रयत्न केला, पण तेही जमेना, कारण बाबांची पाठ वळली की ती त्यांच्या चालण्याची इतकी हुबेहूब नक्कल करायची, ताठ मान, हात मागे, की मी उशीत तोंड खुपसून हसायचे.

बाबा तिला जेवताना प्रश्न विचारायचे. शाळा फुकट ना? दवाखाना फुकट ना? ती मोडक्या इंग्रजीत हो म्हणायची आणि मग काहीतरी सांगू बघायची. तिचे वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात होते. ती म्हणायची, या वसंतात सगळं बदललंय, पपा घरी हसत येतात, आता पेपरात खरं छापता येतं, लोक ट्रॅममध्ये मोठ्याने बोलतात. “आधी हळू बोलत होते?” मी विचारलं. “आधी बोलत नव्हते,” ती म्हणाली. बाबा मान डोलावत होते. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. ते पुढचा प्रश्न तयार करत होते: उन्हाळ्याची सुट्टी सरकारी खर्चाने ना?

परत जाण्याआधीच्या शनिवारी हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठरला होता. त्यात मला लहान गटातून मोठ्या गटात घ्यायचं होतं. मोठ्या गटाचा रुमाल मोठा. म्हणजे टोचायला आणखी कापड. आणि तो माझ्या गळ्यात यानाने बांधायचा, ही बाबांची कल्पना. तिने करायचं भाषणही त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

त्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. आई रात्रपाळीहून यायची होती. बाबांनी सांजा केला होता आणि याना त्यावर साखर घालून खात होती. रेडिओवर बातम्या लागल्या आणि पहिल्याच वाक्यात ‘प्राग’ आलं. यानाचा चमचा थांबला. पुढचं तिला सगळं कळलं नसावं, पण ‘टँक्स’ हा शब्द कळला.

“कुणाचे टँक्स?” तिने विचारलं.

“थांब, ऐकू दे नीट,” बाबा म्हणाले.

“मिस्टर कदम, कुणाचे?”

बाबांनी रेडिओ मोठा केला, मग लहान केला. “फ्रेंड्स,” ते शेवटी म्हणाले. “मित्रदेशांचे. मदतीला आले असतील. पूर्ण माहिती आल्याशिवाय बोलणं बरोबर नाही.”

याना उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, जायला जागा नसल्यासारखी. तेवढ्यात मागचं दार उघडून आई आली, खांद्यावर नर्सचा केप, डोळे तांबारलेले. मी तिला मराठीत सांगितलं. आईने बाबांकडे बघितलं.

“मदतीला रणगाडे?” ती म्हणाली. “अहो, मी कुणाच्या मदतीला जाते तेव्हा डबा घेऊन जाते.”

“तुला राजकारण कळत नाही.”

“नाही ना कळत. बरंय.” तिने यानाला खांद्याला धरून खाली बसवलं, तिच्यापुढची बशी सरकवली आणि स्वतःही तिच्या शेजारी बसली, केप न काढता. रात्रभर उभी राहिलेली आई दुपारपर्यंत झोपली नाही.

 पुढचे दोन दिवस बाबा डेपोतून सगळी वर्तमानपत्रं आणत, एरवी ज्यांना ते चिंधी म्हणत तीसुद्धा, आणि वाचून घडी घालून ठेवत. प्रागला फोन लागत नव्हता. यानाची शिक्षिका आर्थरकाकांकडे उतरली होती, ती तिथे नुसती रडत होती. गुरुवारी आर्थरकाका आले आणि पुढच्या खोलीत त्यांचं आणि बाबांचं वाजलं. “यात दोन बाजू नाहीत, वॅझ,” आर्थरकाका म्हणत होते. बाबांचं नाव वसंत, ते त्यांना कधी जमलं नाही. बाबा म्हणत होते, “तुला सगळं कुठं माहीत आहे? मला कुठं माहीत आहे?” आर्थरकाका म्हणाले, “मला टँक कसा दिसतो ते माहीत आहे.” ते निघाले तेव्हा दार आपटलं नाही, हळू लावून घेतलं. मला ते आपटण्यापेक्षा वाईट वाटलं.

आणि याना रोज सकाळी उठून तो रुमाल बांधत होती. मला वाटलं होतं, सुटलो. खरंच सांगते, त्या सगळ्या गोंधळात माझ्या मनात एक कोपरा असा होता, की आता तरी हे फडकं जाईल. पण ती आरशासमोर उभी, गाठ चौकोनी, टोकं सारखी. मी वैतागून म्हटलं, “अजून कशाला घालतेस?”

“हा माझ्या वर्गाने मला दिलाय,” ती म्हणाली. “हा माझा आहे. त्यांचा नाही.”

यावर काय बोलणार? काहीच सोपं राहू देत नव्हती ती मुलगी.

कार्यक्रम रद्द करावा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. बाबा ऐकेनात. रद्द केला तर लोक म्हणतील आपण घाबरलो. शुक्रवारी त्यांनी यानाचं भाषण काढून त्यातली दोन वाक्यं खोडली आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला, घडी घातली, बशीखाली सरकवला. बाबांना वाटलं, पाठ करणार.

शनिवारी हॉल नेहमीपेक्षा भरलेला. पालक, डेपोतले दोघं-तिघं, आणि एरवी कधी न फिरकणारे काही लोक, त्यांना बहुधा तमाशा बघायचा होता. टेबलावर अंड्याची सँडविचं. आर्थरकाका आले होते पण मागच्या भिंतीला टेकून उभे. आई ड्यूटीवरून परस्पर येणार होती. बाबांनी स्वागत केलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता आणि त्याचाच मला संताप येत होता. मग त्यांनी यानाला पुढे बोलावलं, मलाही बोलावलं, आणि नवा रुमाल तिच्या हातात दिला.

याना माझ्यासमोर उभी राहिली. कागद तिच्याजवळ नव्हताच. तिचं इंग्रजी तोडकं होतं, मी मराठीत सांगते.

“मला इथे छान वाटलं,” ती म्हणाली. “मिसेस कदम आणि ही नलू चांगल्या आहेत. मिस्टर कदमही चांगले आहेत. आमच्या घरी फोन लागत नाही. माझे पपा कुठे आहेत मला माहीत नाही. आमच्या रस्त्यावर आता रशियाचे सैनिक आहेत. रेडिओवर म्हणाले, ते खूप तरुण आहेत, अठरा-एकोणीस वर्षांचे.” इथे ती थांबली. तिने हातातल्या रुमालाकडे बघितलं. “म्हणजे त्यांच्याकडेही हा होता. लहान होते तेव्हा. कुणीतरी त्यांच्याही गळ्यात बांधला असेल ना? काय सांगून बांधला?”

मागे आर्थरकाका भिंतीपासून सरळ झाले. 

मग ती माझ्याकडे वळली. रुमाल तिने माझ्या गळ्यात बांधला नाही, माझ्या हातात ठेवला. “तू सांग,” ती म्हणाली. “हवा तर बांध. नको तर नको. तू सांग.”

आता बघा. इतकी वर्षं मी मनातल्या मनात जे म्हणत आले होते ते मोठ्याने म्हणायची संधी आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही कुठे, तर शंभर डोळ्यांसमोर, बाबांच्या सगळ्यात वाईट दिवशी. नको म्हटलं तर बाबांचं तोंड तिथेच उतरणार. बांधला तर यानाचं. मला दोघांचाही असा राग आला की कान गरम झाले. कुणाला काही विचारायचंच असेल तर आदल्या शनिवारी विचारायचं होतं, मी एका दमात सांगितलं असतं! मी ते कापड हातात धरून नुसती उभी राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेशही नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

दारापाशी हालचाल झाली. आई आली होती, केपमध्येच, कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. ती खुर्च्यांमधून पुढे आली. “नलू, याना, चला. घरी चला,” ती म्हणाली. मग बाबांकडे वळून मराठीत, हळू पण सगळ्या हॉलला कळेल अशा सुरात, “तुम्ही खुर्च्या आवरून या.”

बाबा खूप उशिरा आले. आर्थरकाकांनी त्यांच्याबरोबर खुर्च्या उचलल्या, हे नंतर कळलं.  त्यानंतर आर्थरकाका पार्टीत राहिले नाहीत. बाबा राहिले, मरेपर्यंत राहिले, आणि त्यावरून मी पुढे तिशीत, चाळिशीत त्यांच्याशी किती भांडले त्याला गणती नाही. पण मुलांचा गट पुन्हा भरला नाही. कुणी बंद केला नाही. पुढच्या शनिवारी बाबांनी हॉलची किल्ली आणलीच नाही, एवढंच.

रविवारी सकाळी खलबत्ता वाजला नाही. बाबा दाढी करून, टाय लावून बाहेर पडले आणि शेजारचं दार वाजवलं. मिसेस डॉब्सनकडे फोन होता. आमच्या ओळीत तो त्यांच्याकडेच होता. भिंतीतून आम्हाला बाबांचा आवाज ऐकू येत होता, ऑपरेटरला प्रागचा नंबर सांगणारा, पुन्हा सांगणारा, स्पेलिंग करून सांगणारा. दुपारी मिसेस डॉब्सननी त्यांना रोस्ट बीफचं ताट दिलं. बाबा बीफ खात नसत. त्या दिवशी त्यांनी ते खाल्लं, असं मिसेस डॉब्सननी आईला पुढे अनेकदा सांगितलं, आणि बाबांनी प्रत्येक वेळी विषय बदलला.

सोमवारी डेपोतून रजा टाकून बाबा पुन्हा तिथेच. दुपारी भिंतीवर झाडूचा दांडा वाजला, धडाधड, आणि याना आणि मी अनवाणी पळालो. फोन लागला होता. यानाची आई होती. याना झेकमध्ये बोलत होती, रडत होती, मध्येच हसत होती. पपा ठीक होते, छापखान्यातच झोपत होते. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं, आई म्हणते येऊ नकोस. शिक्षिका लीड्सलाच राहणार आहेत, त्यांच्याबरोबर राहा.

“मग?” मी विचारलं.

“मी जाणार,” याना म्हणाली.

मिसेस डॉब्सनच्या अरुंद पॅसेजमध्ये, कोटांच्या खुंट्यांखाली, बाबा तिच्यासमोर उभे होते. ज्या देशांची नावं घेताना ते घरात बसल्या जागी सरळ होऊन बसत, त्यातल्या एका देशाबद्दल ते बोलत होते. “जाऊ नकोस,” ते म्हणाले. “आत्ता नको. इथे राहा. आमच्याकडे राहा, नलूबरोबर शाळेत जा. आम्ही आहोत.”

यानाने त्यांच्याकडे वर बघितलं. “पण मिस्टर कदम, तुम्ही म्हणाला होतात तो सगळ्यात चांगला देश आहे.”

“हो,” बाबा म्हणाले. “म्हणालो होतो.”

“आहेच,” याना म्हणाली. “म्हणून तर जाते.”

मिसेस डॉब्सन बाहीने डोळे पुसत आत निघून गेल्या. मी चरफडत तिथेच उभी होते. इतक्या हट्टी दोन माणसांना एका पॅसेजमध्ये मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काही झेक विद्यार्थी लंडनहून परत निघाले होते, त्यांच्याबरोबर तिला पाठवायचं ठरलं. आईने चटणीची बरणी दिली आणि यानाला इतकं घट्ट धरलं की मला मत्सर वाटला. बाबांनी आणि मी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर तिला बोटीला जोडणाऱ्या गाडीत बसवून दिलं. गळ्यात रुमाल होताच. ती खिडकीतून हात हलवत राहिली, बाबा हात हलवत राहिले, गाडी दिसेनाशी झाल्यावरही.

पुढचं इथेच सांगून टाकते. तिची दोन कार्डं आली, दोन्हींत हवापाणी. नंतर काही नाही. तिकडची राजवट बदलल्यावर, माझी मुलगी शाळेत असताना, मी प्रागला जाऊन तिला शोधलं. ती दातांची डॉक्टर झाली होती, जाड झाली होती, खूप हसत होती. पपांची नोकरी गेली होती आणि त्यांनी पुढची वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकत काढली होती. तिलाही कॉलेजात जागा मिळायला फार दिवस लागले. हॉलमधल्या भाषणाचं मी काढलं तर म्हणाली, “मी? भाषण? छे गं, मला तर बोलायची लाज वाटायची.” तिला काहीच आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं ते शब्द सांभाळत बसले होते आणि बाईसाहेबांना पत्ताच नाही! मी चिडले, ती आणखी हसली.

पण त्या दिवशी लिव्हरपूल स्ट्रीटवरून आम्ही किंग्ज क्रॉसला आलो आणि लीड्सच्या गाडीत समोरासमोर बसलो. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते. गाडी लंडनच्या बाहेर पडली तेव्हा मी विचारलं, “बाबा, टँकवाले चुकले ना?”

मी तयारीत होते. हा प्रश्न म्हणजे लीड्सपर्यंतची बेगमी, हे मला माहीत होतं.

बाबा म्हणाले, “मला माहीत नाही, नलू.”

 मी वाट बघितली. पुढे काहीच नाही. मला काय वाटलं असेल? आनंद? छे. मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. पाऊस का पडतो इथपासून इंग्लंडची राणी कुणाच्या जिवावर जेवते इथपर्यंत सगळं माहीत असलेला माणूस, न विचारता तासन्‌तास सांगणारा माणूस, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून उत्तर हवं होतं, तर म्हणे माहीत नाही! मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि डॉनकॅस्टर येईपर्यंत त्यांच्याकडे बघितलं नाही.

डॉनकॅस्टरला ते उठून खाली उतरले. शिटी झाली, दारं आपटायला लागली, बाबांचा पत्ता नाही. मी उभी राहून काचेला नाक लावलं. गाडी हलता हलता ते चढले, धापा टाकत, दोन्ही हातांत चहाचे दोन कप, बोटांवर सांडलेला चहा, आणि बगलेत कागदात गुंडाळलेला एक बन. त्यांनी बन मोडला आणि मोठा तुकडा मला दिला. मग एक कप माझ्यापुढे ठेवला. आमच्या घरात मुलांना चहा देत नसत.  मी कप उचलला आणि आम्ही दोघं चहा प्यायलो.